तुझ्या मापाचं हेल्मेट

पिपरी मेघे,
४ मे २०२५

आदेश,

वर ‘प्रिय’ नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. एकदा लिहिलं होतं. वाचून माझंच मला कसंतरी झालं, म्हणून कागद बदलला.

तुझा व्हिडिओ पाहिल्यावर मी तुला एकच प्रश्न विचारला, की ही बाई कोण आणि पडल्यावर तिचं काय झालं. त्यावर सख्ख्या बहिणीला तू ब्लॉक केलंस. आईच्या फोनवरून लावला तर साहेब मीटिंगमध्ये असतात. पुण्याच्या खोलीचा पत्ता आईकडे आहे, आणि पोस्टमनला अजून तरी ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

व्हिडिओ मला दुकानात कळला. एका गाडीच्या सीट कव्हरची मापं घेत होते, आणि आमचा कैलास मोबाइल घेऊन सगळ्यांना दाखवत फिरत होता. म्हणाला, ‘पाय ना ताई, म्हातारी कशी भेली.’ मी पाहिला. पहाटेचं मोहाचं झाड, खाली वाकून फुलं वेचणारी बाई, बाजूला टोपली. झाडामागून आपण घडवलेल्या पलटणीचा शिपाई निघतो, आत तू. काळं चिलखत, हेल्मेटच्या काचेत लाल पट्टी, हातात ब्लास्टर. निळा दिवा लागतो, घुर्र आवाज होतो. बाई वळते, टोपली फेकते, पळत सुटते आणि नाल्याच्या काठावरून खाली जाते. ती हवेत असतानाच तू चित्र थांबवलंस आणि वरून गाढवाचं ओरडणं लावलंस. मागे तुझ्या दोस्ताचं, ऋतिकचं, खिदळणं ऐकू येतं, म्हणजे फोन त्याच्या हातात होता. खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. दुकानातही सगळे हसले.

आता जे लिहिते ते लिहिताना मला माझीच शिसारी येते. मी आधी शिवण पाहिली. शिपाई झाडामागून उडी मारून निघाला तेव्हा खांद्याची वाटी हलली नाही, काखेतला सांधा सुटला नाही, आणि माझ्या मनात आलं, वा, टिकली. आपल्याकडच्या उन्हात नुसत्या सोल्युशननं चिकटवलेला फोम सुटून येतो, म्हणून प्रत्येक सांधा मी दुहेरी दोऱ्यानं शिवते. ते माझं काम मला दिसलं. बाई जीव घेऊन पळत होती आणि मी टाके बघत होते.

सहा वर्षं आपण गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये हेच करत आलो. फवारणी पंपाची दांडी, स्प्रिंकलरचं नोझल, जळक्या मिक्सरचं बूड, नत्थूजीच्या भंगारातले गाड्यांचे इंडिकेटर. कुठल्या सिनेमातलं नको, आपल्या डोक्यातलं हवं, असं म्हणून आपण अख्खी पलटण उभी केली, तिचे हुद्दे ठरवले, ती कोणत्या ग्रहावर पहारा देते तेही ठरवलं. शेजारचे म्हणायचे, ही भावंडं कामातून गेली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपण कुणाचं काही बिघडवत नव्हतो.

त्या बाईला नाल्यातून उचललंत का, एवढं कळव.

काजल


पिपरी मेघे,
१४ मे

आदेश,

तुझा आवाजी निरोप आईनं मला ऐकवला. बाई हसली म्हणे. तुम्ही तिला हात देऊन वर काढलं म्हणे, बिस्किटचा पुडा दिला, आणि ‘जाऊ द्या पोट्टेहो’ म्हणून ती घरी गेली म्हणे. ऐकताना आई माझ्याकडे अशी पाहत होती, की झालं ना आता समाधान.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ गायब. हसणाऱ्या बाईचा व्हिडिओ कोण उडवतं रे? लाखो लोकांनी पाहिला म्हणून आईला पेढे आणायला लावले होतेस. त्याच्याच जोरावर पुण्याच्या त्या इव्हेंट कंपनीनं तुला बोलावलं. एवढी कमाई अशी सोडून दिलीस, त्यावरूनच मला काय समजायचं ते समजलं.

काल बाबा रोहण्याच्या शेतावरून आले. गोठ्यातल्या ढिगातून बैलांसाठी कुटार काढताना त्यांच्या हाताला हेल्मेट लागलं, आणि त्याखाली ब्लास्टर. तू पुण्याला जाण्याआधी बाबांना भेटायला म्हणून शेतावर गेला होतास, ते या भेटीसाठी. दोन्ही वस्तू पोत्यात घालून त्यांनी एसटीनं आणल्या, ओसरीवर ठेवल्या आणि आईला म्हणाले, ‘घे. तुह्या लेकानं हे पेरून ठेवलं होतं.’ मग हातपाय धुवायला गेले. त्यानंतर तुझं नाव त्यांनी काढलेलं नाही.

हेल्मेट उलटं केलं तर आतून तुझ्या घामाचा, केसांच्या जेलचा आणि उंदराच्या मुताचा वास. आतला स्पंज उंदरानं पोखरून त्यात घर केलं होतं. मी मोरीत जाऊन ओकले. उंदीर दुकानातही रोज असतात, त्याचं मला काही नाही. तुझ्या जेलचा वास पोटात गेला आणि सगळं वर आलं.

पण खरी किळस ब्लास्टरची आली. त्याचं तोंड काळं आहे.

पहिली बंदूक केली होती ते आठवतं? बाबा पोळ्याच्या तयारीला लागले होते, बैलांच्या शिंगांना लाल हिंगूळ लावत होते. आपण नाचत नाचत बंदूक घेऊन गेलो. त्यांनी नळीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, ‘हे पाह्यून कोनी भेलं त?’ आणि हातातला ब्रश नळीच्या तोंडावरून फिरवून मोकळे झाले. आपण किती चिडलो होतो. नंतर तोच नियम झाला. पोळ्याचा उरलेला हिंगूळ डबीत जपून ठेवायचा आणि वर्षभर प्रत्येक ब्लास्टरच्या तोंडाला लावायचा, म्हणजे दुरूनही कुणाला कळावं की हे खेळणं आहे. तुला त्याची लाज वाटायची. लोक कमेंट करतात, म्हणायचास, की बंदुकीला लिपस्टिक लावली.

तू तो हिंगूळ घासून काढलास. मी बोटानं चाचपून पाहिलं. आधी जाड सँडपेपर, मग बारीक, खाली प्रायमर, वरून मॅट काळ्याचे दोन हात. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. इतकं नीट काम तू माझ्या शेडमध्ये कधी केलं नव्हतंस. हे गंमतीत सुचून झालेलं नाही. बसून, वाळायला वेळ देऊन, ती बाई खरोखर भ्यावी म्हणून केलेलं आहे. तुझ्या हाताला हे मी शिकवलं, हे आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

काजल


पिपरी मेघे,
२ जून

आदेश,

मी हिंगणीला जाऊन आले. आईला सांगितलं, सेलूला दुकानाचं काम आहे.

व्हिडिओ तू उडवलास, पण त्यात मागे दिसलेला हिंगणीजवळचा तो मोडका पूल मी ओळखला होता. हिंगणीत टपरीवर विचारलं, नाल्यात पडलेली म्हातारी कुठे राहते. टपरीवाला हसायला लागला. म्हणाला, ‘आनंदाबाई? जिले बंदूकवाला राक्षस दिसला ते?’

जंगलाच्या कडेला गोंडांची छोटी वस्ती आहे, तिथे त्या राहतात. साठीच्या पुढच्या असतील. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. खाटेवर पडून असतात, नाहीतर लोखंडी वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. मुलगा ताराचंद मजुरीला जातो. मी कोण ते सांगितलं नाही. मी दवाखान्याकडून चौकशीला आले असेन असं त्याला वाटलं, आणि मी त्याला तसं वाटू दिलं.

बिस्किट कुणी दिलं नाही आदेश. हातही कुणी दिला नाही. दोन पोट्टे हसत हसत गाडीवर गेले, एवढं आनंदाबाईंनी खाली पडल्या पडल्या ऐकलं. शेळ्या चारणाऱ्यांनी दुपारी त्यांना वर काढलं. पुडा कोणत्या कंपनीचा होता तेवढं सांगायचं राहिलं तुझं.

पण मी हे पत्र हाडासाठी लिहीत नाही. वस्तीतल्या बाया मोहाला आणि तेंदूच्या पानांना जातात त्या आनंदाबाईंच्या शब्दावर. बोर अभयारण्याच्या जंगलात वाघ आहे. आज या अंगानं नका जाऊ, असं त्यांनी म्हटलं की एकही बाई तिकडे जात नसे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. तुझा व्हिडिओ वस्तीत कुणी पाहिलेला नाही. आता त्या सांगतात, काळा माणूस होता, डोक्याला भांडं, हातात बंदूक, निळा उजेड. ऐकणारे एकमेकांकडे पाहतात. कुणी म्हणतं रात्रीची उतरली नव्हती, कुणी म्हणतं वानर पाहिलं असेल. तेंदूच्या दिवसांत त्यांनी खाटेवरून सांगितलं होतं की आज नाल्यापलीकडे जाऊ नका. बाया गेल्या. वाघ समोर आला. पानं, फडकी सगळं टाकून पळाल्या म्हणून वाचल्या. घरी येऊन म्हणाल्या, योगायोग.

निघताना ताराचंद मला पोचवायला बाहेर आला. हळूच म्हणाला, ‘म्हातारीचं डोस्कं फिरलं मॅडम. याच्यावर काही गोळी आहे का?’

आत त्यांना ऐकू गेलं असावं. मी पुन्हा पाया पडायला गेले तर माझं मनगट धरून म्हणाल्या, ‘हाड त जुडते बाई. पन मी खोटं बोलत नाई. मले थो दिसला.’

मी मान हलवली आणि स्कूटीवर बसून पळून आले. तो व्हिडिओ असता तर तिथेच ताराचंदच्या हातात फोन दिला असता. त्यांच्या बाजूनं बोलणारी तेवढीच एक गोष्ट होती. ती तू पुसून टाकलीस; कैलासच्या मोबाइलवरही आता नुसती काळी चौकट दिसते. बाई पडली तेव्हा लाखांना दाखवलीस, आणि तिच्या कामाला येणार म्हटल्यावर एका मिनिटात पुसलीस. तुझ्यासारख्यासोबत मी एका ताटात जेवले आहे.

इथे येऊन त्यांना सांग की तो तूच होतास. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

काजल


पिपरी मेघे,
२१ जुलै

आदेश,

माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, आणि आईच्या फोनवर तुझा निरोप येतो की ताईला सांग, हेल्मेट कुरिअर कर. सप्टेंबरमध्ये पुण्यात पोशाखांची मोठी स्पर्धा आहे, कंपनी तुलाच उभा करणार आहे, चिलखत तुझ्याकडे आहे, फक्त हेल्मेट अडलंय. ‘बबल रॅपमध्ये नीट गुंडाळ म्हणा.’ हे वाक्य आईनं मला दोनदा ऐकवलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

आईला मी सगळं सांगितलं आहे. आनंदाबाई, वॉकर, गोळी विचारणारा मुलगा, सगळं. ती रडली. मला वाटलं त्या बाईसाठी रडते आहे. डोळे पुसून म्हणाली, ‘लेकरू आहे थे. त्याची नोकरी नोको घालवू.’ चोवीस वर्षांचं लेकरू. मग तिनंच तोडगा काढला. म्हणाली, ‘तू काऊन नाई सांगत का मीच होती? तोंड त झाकूनच होतं. तुह्यं काय जाते? ना लग्न जमून राह्यलं, ना मोठी नोकरी.’

हे ती भाजी निवडत म्हणाली. रागानं नाही, भांडणानं नाही. तिला खरंच वाटत होतं की ही सगळ्यांच्या सोयीची गोष्ट आहे. मी ताटावरून उठले. तुम्हा दोघांचा असा काही वीट आला, की चार दिवस मी शेडमध्येच झोपले.

तिथे पडल्या पडल्या मात्र मला वाटायला लागलं की आई म्हणते ते करावं. तुझ्यासाठी अजिबात नाही. आनंदाबाईंना माणूस हवा आहे. झाडामागे वानर नव्हतं, राक्षस नव्हता, हाडामांसाचा माणूस होता, एवढं वस्तीला दिसलं की झालं. तो माणूस कोण, याच्याशी त्या बायांना काय देणंघेणं.

हेल्मेट पाठवणार नाही. ते मला लागणार आहे.

काजल


पिपरी मेघे,
२४ ऑगस्ट

आदेश,

परवा पोळा झाला. बाबांनी बैलांची शिंगं रंगवली आणि मग माझ्यासमोर हात पुढे केला. मी ब्लास्टर दिला. त्यांनी तोंडाला हिंगूळ लावला, फुंकर घालून वाळवला आणि परत दिला.

काल तान्हा पोळा. वस्तीतली लेकरं लाकडी नंदी सजवून चिंचेखाली जमणार, म्हणजे सगळे एका ठिकाणी सापडणार, म्हणून मी तोच दिवस धरला. हेल्मेट धुऊन आत नवा स्पंज लावला होता. ब्लास्टरसोबत पोत्यात घालून नेलं आणि सगळ्यांच्या मधोमध काढून ठेवलं.

ताराचंदनं आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या आपल्या आईकडे. मी ब्लास्टरवरचं दिव्याचं बटण दाबलं. निळा उजेड पडला, घुर्र आवाज झाला, आणि आनंदाबाईंचे दोन्ही हात वॉकरवर आवळले गेले. तेवढ्यावरच कुणालाही पटायला हवं होतं. पण गर्दीतून एक जण म्हणाला, हे तर जत्रेतलं टोपलं आहे, म्हातारीचं मन राखायला कुणीही आणेल. म्हणून मी ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, की याच्या आत मी होते, व्हिडिओसाठी केलं, माझं चुकलं.

आनंदाबाई वॉकर टेकत जवळ आल्या. म्हणाल्या, ‘घाल.’

आणि इथे माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. सहा वर्षं मी हेच काम करते. ते हेल्मेट करताना तुझ्या डोक्याला आधी प्लास्टिकचा कागद गुंडाळला, त्यावर चिकटपट्ट्या, त्यावर पेनानं रेघा, मग कात्रीनं कापून कागद काढला आणि त्या कागदावरून फोम कापला. तू ओरडत होतास की कान दुखतात. तुझ्या कपाळाचा पुढे आलेला भाग, मागचा चपटेपणा, सगळं त्यात उतरलं आहे. कुणालाही बसेल असं काही आपण कधी केलंच नाही, त्याचीच तर मला घमेंड होती. आणि मी तेच उचलून माझ्या डोक्यावर घातलं.

ते सरळ खाली उतरलं. डोळ्यांची काच हनुवटीपाशी आली आणि मला काळोख. एक पाऊल टाकलं तर कुणाच्या तरी नंदीवर आपटले. लेकरं हसली, मग बायाही हसल्या. मी हेल्मेट काढलं तेव्हा फक्त आनंदाबाई हसत नव्हत्या.

‘हे तुह्यं नाई,’ त्या म्हणाल्या. ‘थो पायत होता माह्याकडे. याच्यातून तुले त दिसतही नाई. कोनाचं आहे?’

तुझं नाव घेऊ नको म्हणून आईनं घातलेली शपथ आठवली. तुझी नोकरीही आठवली, खोटं कशाला सांगू. मग त्यांचं ते वाक्य आठवलं, मी खोटं बोलत नाई. त्यांच्यासमोर उभी राहून मी नेमकं तेच करत होते, आणि त्यांना ते एका नजरेत कळलं होतं. मी तुझं नाव सांगितलं. माझा भाऊ आदेश, राहणार पिपरी मेघे, सध्या पुणे.

मग हेल्मेट हातोहात फिरलं. खात्री करायचा नादच लागला सगळ्यांना. गड्यांनी घातलं, पोरांनी घातलं. एकाच्या कानावर अडकलं, एकाच्या नाकावर आलं. ताराचंदनंही घालून पाहिलं. त्याचं कपाळच आत जाईना. काढल्यावर तो आईशी गोंडीत काहीतरी बोलला. मला कळलं नाही. त्यांनी दोन शब्दांत उत्तर दिलं, आणि तो उठून घराच्या मागे गेला तो मी निघेपर्यंत परत आला नाही.

वस्तीत निम्म्यांना पटलं आहे. निम्मे अजून म्हणतात, ही पोरगी आधी एक बोलली, मग दुसरं बोलली, हिचं काय खरं. बरोबर आहे त्यांचं.

तुला तुरुंगात घालायचं का, असं मीच आनंदाबाईंना विचारलं. त्यांनी हात झटकला. म्हणाल्या, ‘थ्यानं यावं. इथंच हे घालावं, आन सगळ्याइच्या समोर काढावं. बायाइले त्याचं तोंड दिसलं पायजे. मंग थ्या मले पुन्हा इचारतील.’

हेल्मेट त्यांनी ठेवून घेतलं. मी ‘नाही’ म्हटलं नाही. निघताना पाहिलं तर ओट्यावर उलटं ठेवलं होतं आणि त्यांची कोंबडी नव्या स्पंजवर बसून पाहत होती.

घरी आई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, मी भावाचं वाटोळं केलं. बाबांनी तिला गप्प केलं आणि मला म्हणाले, जेवून घे. तुझ्या डोक्याचा तो कापलेला कागद मी काल चुलीत घातला, त्यामुळे दुसरं हेल्मेट करून दे असा निरोप आईच्या फोनवर पाठवू नकोस. शेड मी बंद करणार नाही. पलटण माझीही आहे, आणि तुझ्या घाणीपायी मी ती सोडायची, हे मला मान्य नाही. तुझी जागा तेवढी त्यातून काढली आहे.

स्पर्धेत उभं राहायचं असेल तर हेल्मेट आनंदाबाईंच्या ओट्यावर आहे. हिंगणीहून पुढे, मोडक्या पुलाच्या अलीकडे. रस्ता तुला माहीत आहे. मोहाची फुलं गळायला लागायच्या आत ये, कारण तेव्हा त्या बायांना पुन्हा कुणाच्या तरी शब्दावर जंगलात शिरायचं आहे. ताराचंद तुझ्या अंगाला हात लावणार नाही, तसा शब्द मी आनंदाबाईंकडून घेतला आहे. आणि कुणी दुसराच होता असं तिथे जाऊन सांगू नकोस. अख्ख्या वस्तीनं ते घालून पाहिलं आहे. दुसऱ्या कुणाला ते बसत नाही.

काजल